तिसऱ्या सत्रात फिनलंड: बी.एड.च्या एका छात्राध्यापिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयातली ही छात्राध्यापिका. गणितात एम.एस्सी., अध्यापन पद्धती गणित आणि विज्ञान, माध्यम मराठी. तिच्या विद्यापीठाचा फिनलंडमधल्या एका विद्यापीठाशी इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमाखाली करार होता आणि त्यातून २०२४ च्या शरद सत्रासाठी, म्हणजे ऑगस्टअखेर ते डिसेंबर, एक जागा तिला मिळाली. शिष्यवृत्ती दरमहा ९०० युरो, प्रवासभत्ता वेगळा. ओळख पटू नये म्हणून दोन्ही संस्थांची आणि शहरांची नावं इथे दिलेली नाहीत.

या करारातून आधी गेलेले विद्यार्थी भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या विभागांतले होते. बी.एड.ची ही पहिलीच. एम.ए.चा विद्यार्थी एक सत्र बाहेर गेला तर पेपर जुळवले की काम भागतं. बी.एड.ला पेपरांबरोबर शाळाही जुळवावी लागते, आणि शाळेचं वर्ष कोणासाठी थांबत नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचं आहे आणि प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण करावं लागतं. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, शालेय आंतरवासितेला, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या अध्यापन सरावाला, ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. या महाविद्यालयाने ते सगळे १६ आठवडे तिसऱ्या सत्रात ठेवले होते, म्हणजे ती परदेशी असणार त्याच महिन्यांत.

अडचण नेमकी कुठे होती

सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष पेपरांवर होतं. तिसऱ्या सत्रात तीन लेखी पेपर होते: ‘ज्ञान आणि अभ्यासक्रम’, समावेशक शिक्षण आणि एक ऐच्छिक. फिनलंडमधला कोणता विषय कोणत्या पेपराच्या जागी धरायचा, यावर दोन बैठका झाल्या. आंतरवासितेबद्दल मात्र सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. तिकडेही सराव शाळा आहे, तिकडेही ती शिकवणार आहे, तेव्हा तेच आंतरवासिता म्हणून धरू.

गृहीतक वरवर पटण्यासारखं होतं. फिनिश भाषेतलं पहिलं अध्यापक विद्यालय १८६३ मध्ये युवास्कुला इथे निघालं. आज तिथे शिक्षक घडवणाऱ्या विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत आणि छात्राध्यापकांना मार्गदर्शन करणं हा तिथल्या शिक्षकांच्या कामाचाच भाग असतो. पण यजमान विद्यापीठाकडून सरावाचं वर्णनपत्र आलं तेव्हा आकडे समोर आले. सराव ५ ईसीटीएसचा, म्हणजे युरोपीय क्रेडिटचा. फिनलंडमध्ये एक ईसीटीएस म्हणजे साधारण २७ तासांचं काम, म्हणजे एकूण १३५ तास. त्यात निरीक्षण, नियोजन, चर्चा आणि अहवाल सगळं धरलेलं. प्रत्यक्ष शिकवण्याचे पाठ १०-१२. इकडे १६ आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, शाळेच्या पूर्ण वेळात. शिवाय मराठी माध्यमाच्या माध्यमिक वर्गावर गणित शिकवण्याचा अनुभव हा आंतरवासितेचा हेतू, आणि फिनलंडमध्ये ती शिकवणार इंग्रजीतून, इतर छात्राध्यापकांबरोबर जोडीने.

हे वर्णनपत्र मागवलं गेलं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. निवड होऊन तोवर महिना झाला होता.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच फिनलंडमधला सराव आंतरवासिता म्हणून मान्य करून घेण्याचा. प्राचार्य अनुकूल होते. अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांनी मात्र स्पष्ट सांगितलं की १३५ तासांना १६ आठवडे म्हणता येणार नाही, आणि उद्या पदवीच्या वैधतेवर कोणी बोट ठेवलं तर नुकसान विद्यार्थिनीचं होईल. आमच्या मते हा संपूर्ण प्रकरणातला सर्वांत योग्य नकार होता. तो एप्रिलमध्ये मिळाला म्हणून पुढचं काही करता आलं.

दुसरा पर्याय एक वर्ष थांबण्याचा: तिसरं सत्र सोडायचं, फिनलंडला जायचं, पुढच्या तुकडीबरोबर तिसरं आणि चौथं सत्र करायचं. तीन वर्षांच्या मर्यादेत हे बसत होतं, पण जेमतेम. पुढे आजारपण किंवा एखाद्या पेपराची फेरपरीक्षा आली तर हाताशी एक दिवसही उरत नव्हता. घरची आर्थिक स्थितीही एक वर्ष लांबवण्यासारखी नव्हती.

तिसरा पर्याय शरद सत्राऐवजी जानेवारी ते मे जाण्याचा. तोवर आंतरवासिता संपलेली असती. पण चौथ्या सत्राची विद्यापीठ परीक्षा एप्रिल-मेमध्ये, आणि फिनलंडमधलं सत्र मेअखेरपर्यंत. शिवाय जागा शरद सत्रासाठीच मंजूर होती; बदल करता येईल का, हे कोणी विचारलंच नाही. याकडे शेवटी पुन्हा वळू.

चौथा पर्याय आंतरवासितेचे दोन तुकडे करण्याचा: काही आठवडे जाण्याआधी, उरलेले आल्यावर. हाच निवडला गेला.

निर्णय आणि त्यामागचा हिशेब

राज्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. तेव्हापासून सुरुवात केली असती तर ऑगस्टअखेरपर्यंत दहा आठवडे झाले असते. पण बी.एड.चे प्रवेश सीईटी आणि केंद्रीय फेऱ्यांमुळे उशिरा होतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचं दुसरं सत्र जुलैपर्यंत रेंगाळतं. परीक्षा ६ जुलैला संपली. ८ जुलै ते २४ ऑगस्ट असे सातच आठवडे हाती आले. उरलेले नऊ ६ जानेवारी ते ८ मार्च.

सुट्ट्या वजा करून पहिल्या तुकड्यात ३९ दिवस आणि दुसऱ्यात ५२, असे शाळेचे ९१ दिवस भरत होते. त्याच्या ९० टक्के म्हणजे ८२. नऊ दिवसांची सवड.

खरा पेच चौथ्या सत्राच्या हजेरीचा होता. ते ९ डिसेंबरला सुरू होणार होतं. फिनलंडहून २१ डिसेंबरला निघायचं, म्हणजे पहिले १२ दिवस बुडणार. १०० दिवसांच्या सत्रात २० दिवसांची मुभा असते, त्यामुळे तेवढं चालण्यासारखं होतं. पण जानेवारीपासून ती दिवसभर शाळेत राहिली असती तर आणखी ५२ दिवस गेले असते. तोडगा शाळेच्या वेळेत सापडला. शाळा दोन पाळ्यांत भरणारी. माध्यमिकचे काही वर्ग आणि पाचवी ते सातवी दुपारी १२ ते साडेपाच. महाविद्यालयाच्या लेखी पेपरांच्या तासिका सकाळी ८ ते ११. सकाळी तासिका, दुपारी शाळा असं वेळापत्रक प्राचार्यांनी लेखी मंजूर केलं, आणि चौथ्या सत्रातली जी प्रात्यक्षिकं शाळेतच करायची असतात ती याच नऊ आठवड्यांत बसवली.

पेपरांपैकी दोन स्वीकारले गेले: समावेशक शिक्षण आणि ऐच्छिक. ‘ज्ञान आणि अभ्यासक्रम’ मात्र नाही, कारण त्यातला निम्मा भाग भारतीय शिक्षण आयोग, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडे आणि राज्याच्या पाठ्यक्रमाचा. तो पेपर तिने चौथ्या सत्राच्या परीक्षेबरोबर द्यायचा असं ठरलं.

स्वीकारलेल्या पेपरांवरही वाद झालाच. आपला पेपर ४ क्रेडिटचा, म्हणजे जुन्या हिशेबाने ६० तासिका. फिनलंडमधला विषय ५ ईसीटीएसचा, पण वर्गातले तास अवघे २८. समकक्षता समितीतल्या एका सदस्याने निम्म्याहून कमी तासांना पूर्ण क्रेडिट कसं द्यायचं असा प्रश्न केला. उत्तर राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात होतं. त्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं एकूण अध्ययन: वर्ग, वाचन, गटकाम, लेखन मिळून. ४ क्रेडिटचे १२० तास होतात आणि ५ ईसीटीएसचे १३५. यजमान विद्यापीठाकडून तासांची फोड असलेलं पत्रक मागवलं तेव्हा हरकत मागे घेतली गेली. हे पत्रक विषयाच्या जाहीर माहितीत बहुधा नसतं, शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडून मागवावं लागतं.

निर्णयाचं शेवटचं पाऊल कागदावरचं होतं, आणि तेच अर्धवट राहिलं. प्राचार्यांचं पत्र, अभ्यास मंडळाची शिफारस, समकक्षता समितीचं इतिवृत्त हे सगळं जूनअखेर झालं. अंतिम ठराव विद्यापीठाच्या विद्या परिषदेचा, आणि तिची बैठक सप्टेंबरमध्ये होती. अशा वेळी परिषदेच्या वतीने निर्णय घेऊन नंतर मान्यता घेण्याचा मार्ग कुलगुरूंना असतो. तो प्रस्ताव पाठवायचा राहून गेला. ‘शिफारस आहे, ठराव होईलच’ या भरवशावर ती विमानात बसली.

जाण्याआधीची कागदपत्रं

मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालत नाही. अभ्यासासाठीचा निवास परवाना लागतो. त्यासाठी दरमहा ८०० युरोंची सोय दाखवावी लागते. शिष्यवृत्तीचं पत्र ९०० युरोंचं असल्याने वेगळी रक्कम बँकेत दाखवावी लागली नाही. आरोग्य विम्याची अट कडक आहे: दोन वर्षांहून कमी मुक्कामासाठी १,२०,००० युरोंपर्यंतचा उपचार खर्च, आणि स्वतः भरायचा वाटा ३०० युरोंपेक्षा जास्त नको. साधी प्रवास विमा पॉलिसी इथे बाद होते. तिची पहिली पॉलिसी झालीच बाद. दुसरी घ्यावी लागली.

सराव शाळेत मुलांबरोबर काम असल्याने पोलीस पडताळणी प्रमाणपत्र मागितलं गेलं. ते पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, शुल्क ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल तर दोन पोलीस ठाण्यांचा फेरा पडू शकतो, म्हणून हे काम आधी उरकावं.

पैशांबाबत लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता तिथे पोहोचून हजर झाल्याचं पत्र दिल्यावर निघतो. तिकीट, परवान्याचं शुल्क, विमा, खोलीची अनामत आणि पहिलं भाडं असे सुमारे दोन लाख रुपये तिला आधी उभे करावे लागले. हप्ता सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला.

फिनलंडमधल्या सराव शाळेत

पहिला धक्का सरावाचा नव्हता. ऐच्छिक पेपराच्या जागी धरलेला मूल्यमापनाचा विषय पुरेशी नोंदणी न झाल्याने रद्द झाला. असं होत असतं, आणि कोणते विषय घ्यायचे हे आधी ठरवणाऱ्या अभ्यास करारात बदल करण्यासाठी वेगळा भागच असतो: कोणता विषय वगळला, कोणता घेतला, आणि तिघांच्या सह्या, विद्यार्थी, पाठवणारी संस्था, स्वीकारणारी संस्था. तिने गणित अध्यापनाचा ५ ईसीटीएसचा विषय घेतला. इकडे मात्र समकक्षता समितीच्या इतिवृत्तात रद्द झालेल्या विषयाचंच नाव होतं. समितीपुढे पुन्हा जावं लागलं आणि त्यात पाच आठवडे गेले. तोवर ती विषय शिकत होती, पण तो धरला जाईल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

सराव सप्टेंबरच्या मध्यापासून. तिने २४ तास निरीक्षण केलं आणि १२ पाठ घेतले. नऊ एका फिनिश छात्राध्यापकाबरोबर जोडीने, तीन एकटीने. वर्ग पाचवी ते आठवीचे. फिनलंडमध्ये २०२० पासून पहिली परकी भाषा पहिलीतच सुरू होते आणि बहुतेक मुलं इंग्रजीच निवडतात, पण तेव्हाच्या सातवीतल्या मुलांनी इंग्रजी त्याआधीच्या व्यवस्थेत सुरू केलेली. गणिताची इंग्रजी शब्दावली त्यांना येतेच असं नाही. ‘शतमान’ आणि ‘अपूर्णांक’ यांचे इंग्रजी शब्द वर्गात अडतात हे दुसऱ्याच पाठात दिसलं. पुढच्या पाठांपासून दहा शब्दांची फिनिश-इंग्रजी यादी फळ्याच्या कडेला लावायची आणि पहिली पाच मिनिटं तिच्यावर द्यायची असं जोडीदाराने सुचवलं. सोपी सूचना, पण तिने गाडी रुळावर आली.

खरी फजिती अंकांनी केली. फिनलंडमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, गुणाकारासाठी मधोमध टिंब, आणि भागाकारासाठी विसर्गासारखी दोन टिंबं. तिने शेकडा सूट काढण्याच्या उदाहरणात फळ्यावर १,५०० लिहिलं. आपल्या लेखी ते पंधराशे; मुलांनी ते दीड वाचलं. दीड युरोच्या वस्तूवर वीस टक्के सूट काढून अर्धा वर्ग तीस सेंटवर पोहोचला होता आणि ती ३०० ची वाट पाहत होती. मुलांचं उत्तर त्यांच्या वाचनाप्रमाणे अगदी बरोबर. गणिताच्या छात्राध्यापकाने जाण्याआधी यजमान देशाचं शालेय पाठ्यपुस्तक एकदा चाळावं, भाषा कळो न कळो. चिन्हं, उभी मांडणी, भागाकाराची रीत हे नजरेनेच कळतं.

पाठ टाचणाचा प्रश्न वेगळाच. आपल्याकडे उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, अध्ययन अनुभव, मूल्यमापन असे रकाने असलेलं चार-पाच पानी टाचण. तिकडचं टाचण एका पानाचं: मुलं काय करतील, कुठे अडतील, अडली तर काय. महाविद्यालयाने सांगितलं होतं की पाठ नोंदवहीत आपल्याच नमुन्यात हवेत. परिणामी प्रत्येक पाठाची दोन टाचणं. पहिल्या सहा पाठांनंतर तिने मार्गदर्शक प्राध्यापिकेला विचारलं की हे पाठ आंतरवासितेत धरलेच जाणार नसतील तर दुसरं टाचण कशासाठी. उत्तर आलं की गरज नाही, तिकडचंच जोडा. हा प्रश्न ऑगस्टमध्येच विचारता आला असता.

पाठानंतरची चर्चाही तिला नवी होती. इकडे निरीक्षक वहीत शेरे लिहितात, गुण देतात. तिकडे मार्गदर्शक शिक्षिका आधी तिलाच विचारायच्या: कोणत्या मुलाला काय कळलं, आणि ते तुला कशावरून समजलं? पहिल्या दोन चर्चांत तिची उत्तरं ‘पाठ चांगला झाला’, ‘वेळेत संपला’ अशी. निरीक्षणाच्या २४ तासांत शिक्षकाऐवजी दोन ठरलेल्या मुलांकडे पाहून नोंद करायला सांगितलं गेलं आणि तिच्या उत्तरांत फरक पडला. मुलं शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात याला मात्र ती शेवटपर्यंत सरावली नाही, आणि त्याने काही बिघडलंही नाही.

एक जाताजाता. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी महाविद्यालयाने प्रत्येक पाठाचा जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद, असलेला फोटो मागितला. तिकडे पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढता येत नाहीत. शाळेने नाही म्हटलं. शेवटी रिकाम्या वर्गातल्या फळ्याचे फोटो आणि मार्गदर्शक शिक्षिकेच्या सहीची पाठनोंद यांवर भागवलं. परदेशी शाळेत जाणाऱ्याने हा विषय महाविद्यालयाशी आधीच बोलून घ्यावा, नाहीतर नकार देण्याचं काम त्या एकट्या विद्यार्थ्यावर येतं.

परतल्यावरचे नऊ आठवडे

जानेवारीत शाळा वेगळ्याच गडबडीत असते. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, दहावीच्या सराव परीक्षा. नववी-दहावीचा वर्ग छात्राध्यापिकेच्या हाती द्यायला कोणताही विषयशिक्षक तयार होत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. तिला सहावी-सातवी मिळाली. फेब्रुवारीत ११ तारखेला बारावीची आणि २१ ला दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली. शाळा परीक्षा केंद्र असल्याने शेवटच्या दोन आठवड्यांत वर्ग कमी वेळाचे आणि शिक्षक पर्यवेक्षणावर. तेव्हा तिचे बरेच तास बदली तास ठरले. जुलै-ऑगस्टमध्ये नववीवर झालेले २२ पाठ नसते, तर माध्यमिक वर्गावरच्या पाठांची किमान संख्या भरलीच नसती. दोन तुकड्यांतला पहिला तुकडा केवळ सात आठवड्यांचा असूनही तोच भक्कम ठरला.

फिनलंडमधलं किती इकडे चाललं? तिकडचा वर्ग वीस मुलांचा, इकडचा ५६ चा. तास ३५ मिनिटांचा. गटागटाने वेगवेगळं काम देण्याचा प्रयोग दोनदा फसला, कारण बाकं हलवण्यातच आठ मिनिटं जात. तासाच्या शेवटी प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर एक उदाहरण सोडवून देण्याची रीत मात्र तिने बदलून वापरली. रोज एका रांगेच्याच चिठ्ठ्या घ्यायच्या, दहा-अकरा. आठवड्याभरात सगळा वर्ग पाहून होतो आणि तपासायला रोज दहा मिनिटं पुरतात. विषयशिक्षकांनी ही रीत ती गेल्यावरही चालू ठेवली.

निकाल

आंतरवासितेत ९१ पैकी ८६ दिवस हजेरी. चौथ्या सत्राची हजेरी ८० टक्क्यांच्या थोडी वर. फिनलंडमधले चारही विषय आणि भाषेचा प्रास्ताविक विषय मिळून २३ ईसीटीएस पूर्ण.

गुणपत्रिकेचं प्रकरण रखडलं. यजमान विद्यापीठाने निकाल लागल्यापासून साधारण पाच आठवड्यांत गुणपत्रक द्यावं असा इरॅस्मसचा संकेत आहे, आणि ते जानेवारीअखेर आलंही. पण ते डिजिटल सहीचं पीडीएफ. परीक्षा विभागाला शिक्का असलेली मूळ प्रत बंद लखोट्यात हवी होती, जी ते विद्यापीठ देतच नाही. यजमान विद्यापीठाच्या कार्यालयाने थेट परीक्षा विभागाच्या अधिकृत मेलवर पाठवल्यावर ते स्वीकारलं गेलं. पुढचा अडसर श्रेणींचा. तिकडे ० ते ५, इकडे दहा गुणांची श्रेणी, आणि रूपांतराचा तक्ता ठरावात नव्हता. सराव तर केवळ ‘उत्तीर्ण’ म्हणून नोंदलेला. त्याचे गुण करणं शक्यच नव्हतं, म्हणून तो अतिरिक्त क्रेडिट म्हणून दाखवला गेला. विद्या परिषदेचा मूळ ठराव सप्टेंबरच्या बैठकीत विषयपत्रिकेवर न आल्याने डिसेंबरवर गेला होता. श्रेणींच्या तक्त्यासाठी तो मार्चमध्ये पुन्हा मांडला.

तिसऱ्या सत्राचा निकाल त्यामुळे राखून ठेवला गेला. अंतिम गुणपत्रिका तिच्या तुकडीनंतर पाच आठवड्यांनी आली. मे-जूनमधल्या खाजगी शाळांच्या मुलाखतींत दोन ठिकाणी अंतिम गुणपत्रिका नाही म्हणून तिचा अर्ज बाजूला ठेवला गेला. तिसऱ्या शाळेने तात्पुरत्या प्रमाणपत्रावर घेतलं. ‘ज्ञान आणि अभ्यासक्रम’ ती पहिल्याच वेळी उत्तीर्ण झाली, पण गुणपत्रिकेवर त्या पेपराचं परीक्षा सत्र वेगळं दिसतं. नापास होऊन पुन्हा दिला की काय, असं एका मुलाखतीत विचारलं गेलं. तेव्हापासून ती ठरावाची प्रत सोबत ठेवते.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी हुकली ती न विचारलेल्या तिसऱ्या पर्यायात. इरॅस्मसच्या या प्रकारात अभ्यासासाठी किमान मुक्काम दोन महिन्यांचा आहे. फिनलंडमधली सत्रं अध्यापन कालखंडांत विभागलेली असतात. जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंतचा एक कालखंड दहा आठवड्यांचा भरतो. तेवढ्यासाठी ती गेली असती तर आंतरवासिता अखंड, नोव्हेंबरपर्यंत नववीवर पूर्ण झाली असती. मुक्काम ९० दिवसांच्या आत, म्हणजे निवास परवान्याऐवजी शेंगेन व्हिसा आणि ३०,००० युरोंच्या विम्यावर काम झालं असतं. किंमतही होती: साधारण १५ ईसीटीएस, शिष्यवृत्ती अडीच महिन्यांचीच, आणि चौथ्या सत्रातले दोन पेपर समकक्ष ठरवून घेतल्याशिवाय ८० टक्के हजेरी अशक्य. तरीही १६ आठवडे एका सत्रात ठेवणाऱ्या महाविद्यालयातल्या बी.एड. विद्यार्थ्याला आम्ही आधी हाच पर्याय तपासायला सांगू. संपूर्ण सत्राचा हट्ट चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्याने धरावा. त्याच्याकडे हलवायला जागा जास्त असते.

शरद सत्रच घ्यायचं असेल तर क्रम उलटा हवा. आधी सरावाचं वर्णनपत्र, मग आंतरवासितेचा निर्णय, मग पेपर. ठरावात चार गोष्टी नावानिशी असाव्यात: प्रत्येक पेपरासाठी एक मुख्य आणि दोन पर्यायी विषय, श्रेणी रूपांतराचा तक्ता, आंतरवासितेच्या दोन्ही तुकड्यांच्या तारखा, आणि डिजिटल गुणपत्रक चालेल हे वाक्य. पर्यायी विषय असते तर ऑक्टोबरचे पाच आठवडे वाचले असते. तक्ता असता तर मार्चची फेरी. विद्या परिषदेची बैठक लांब असेल तर कुलगुरूंच्या अधिकारातला प्रस्ताव जूनमध्येच पाठवावा, आणि विद्यार्थ्याने ठरावाचा क्रमांक हाती आल्याशिवाय तिकीट काढू नये. तिकीट महागलं तरी हरकत नाही.

दुसऱ्या तुकड्याची शाळा निवडताना ती बोर्डाचं परीक्षा केंद्र आहे का हे विचारावं. असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध धरू नये. पाचवी ते आठवीची शाळा त्या दिवसांत सरळ चालते, आणि सातवीवर गणिताचे पाठ नीट झालेले दहावीच्या बदली तासांपेक्षा केव्हाही बरे. माध्यमिक वर्गावरचे पाठ मग जाण्याआधीच संपवावे लागतील, त्यासाठी जुलैमध्ये आठवड्याला तीनऐवजी पाच पाठांचं नियोजन लागतं. पाठ निरीक्षणाला तेवढे प्राध्यापक मोकळे आहेत का, हे महाविद्यालयाला मेमध्येच पाहावं लागेल.

यजमान शाळेला पाठांची संख्या विचारून पुरत नाही. कोणत्या इयत्तेवर, कोणत्या भाषेत, एकट्याने की जोडीने, आणि गणिताचेच की इंग्रजीच्या तासाला गणित, हे विचारावं. या छात्राध्यापिकेचे एकटीने घेतलेले तीन पाठ इंग्रजीच्या तासाला झाले होते. ते तिला तिथे पोहोचल्यावर कळलं.

महाविद्यालयाने पुढच्या वर्षीच्या अर्जात आता एक पान वाढवलं आहे. त्यावर आंतरवासितेच्या तारखांचा तक्ता आणि अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांची सही लागते. ती नसेल तर नाव निवड यादीत जात नाही. श्रेणी रूपांतराचा तक्ता मार्चच्या ठरावाने कायमचा झाला आहे. डिजिटल गुणपत्रकाचा मुद्दा परीक्षा विभागाकडे अजून प्रलंबित आहे.